आधी नाव सांगा

म्हातारं माणूस दिसलं की आपल्या लोकांना परीक्षक व्हायची हौस येते. समोरचा ऐंशीच्या घरातला, सोफ्याच्या कोपऱ्यात बसवून ठेवलेला असतो, आणि हे पाहुणे चपला काढून आत येतात ते थेट त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारतात, "काय, ओळखलंत का?" पाया पडतात, पण नाव सांगत नाहीत. म्हातारा गोंधळतो, हसतो, हो हो म्हणतो, तेव्हा त्यांना आणखी चेव येतो. मग सांगा बघू मी कोण! नाही सांगता आलं की तो बहिराही आहे अशा समजुतीने घरच्यांकडे वळून "फारच विसरायला लागलेत हो" म्हणतात आणि पोह्यांची बशी हातात घेतात. हा प्रकार पाहिला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. यावरून मी नातेवाईक तोडलेले आहेत. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, मी उगाच ताणते. ताणते तर ताणते. मला ज्या माणसाने दिल्लीत उभं केलं, त्याची या एका प्रश्नाने काय दशा केली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांना मी काका म्हणायचे. आम्ही एकाच मंत्रालयात होतो. मी तिसऱ्या मजल्यावर नवी असिस्टंट, परीक्षा देऊन कराडहून आलेली, आणि ते तळघरात टेलिफोन एक्स्चेंजचे सुपरवायझर. खिडकी नसलेल्या त्या खोलीत फोन जोडायचा एक भलामोठा बोर्ड होता आणि त्यासमोर कानाला हेडफोन लावून काका बसत. इमारतीतल्या प्रत्येक टेबलाचा नंबर त्यांना पाठ होता. कोण रजेवर आहे, कोण जागा सोडून कँटीनमध्ये बसतो, कुणाला कुठल्या वेळी फोन दिला तर तो खेकसेल, सगळं पाठ. पण या माणसाची कीर्ती स्मरणशक्तीबद्दल नव्हती. ती होती दोन शब्दांबद्दल. बोर्डावर कुणीही फोन केला तरी ते आधी "नमस्कार" म्हणत, मग स्वतःचं पूर्ण नाव सांगत, आणि मग म्हणत, "नाम बताइए." आवाज ओळखीचा असला तरीही. अगदी पाच मिनिटांपूर्वी बोलणं झालेलं असलं तरीही. ऑफिसात त्यांचं नावच ‘नाम बताइए साहब’ पडलं होतं.

पहिल्याच दिवशी मी बोर्डाला फोन करून कसाबसा एक सेक्शन मागितला, तर पलीकडून "नाम बताइए." माझी बोबडी वळली. काहीतरी चुकलं, आता वर तक्रार जाणार, असं वाटून मी नाव सांगितलं.  मग शुद्ध मराठीत प्रश्न आला की राहायची सोय झाली आहे का. झाली नसेल तर संध्याकाळी लक्ष्मीबाई नगरला आमच्या क्वार्टरवर चहाला या, काकू घरी असतात, काळजी करू नका. त्या शहरात आल्यापासून मी मराठीत ऐकलेलं ते पहिलं वाक्य. नंतर खोली शोधून देण्यापासून रजईला कापूस कुठला घ्यावा इथपर्यंत सगळं त्या दोघांनी केलं.

आता दिल्ली हे कसलं शहर आहे ते इथे राहिलेल्याला सांगायला नको. रस्त्यात गाडीला गाडी घासली की पहिलं वाक्य येतं, ‘जानता नहीं मैं कौन हूँ?’ एकदा एका बड्या अधिकाऱ्याने बोर्डाला फोन करून हेच ऐकवलं. काका म्हणाले, "जी नहीं. इसीलिए पूछ रहा हूँ." त्यावर त्यांना खुलासा द्यावा लागला, वर बोलावणं आलं, तासभर उभं ठेवलं. परत आले ते तसेच. बोर्डासमोर बसले, हेडफोन लावला आणि पुढच्या माणसाला विचारलं, नाम बताइए.

दिल्लीकरांच्या त्या वाक्याचा आणि आपल्या मराठी माणसाच्या ‘ओळखा पाहू कोण बोलतंय’ याचा आजार एकच, असं काकांचं ठाम मत होतं. एक दमदाटी करून विचारतो, दुसरा लाडात येऊन, एवढाच फरक. "ओळख मागायची नसते, द्यायची असते," हे त्यांचं लाडकं वाक्य. घरच्या फोनवर कुणी ‘ओळखा पाहू’ म्हटलं की ते सरळ म्हणत, "नाही ओळखत," आणि फोन ठेवून देत. रागाने नव्हे. दार लावावं तसा, शांतपणे. त्यांच्या सख्ख्या बहिणीने भाऊबीजेला नाशिकहून फोन केला आणि हौसेने म्हणाली, ओळख बघू. काकांनी ठेवला. काकू कपाळाला हात लावून बसल्या. बहीण वर्षभर बोलली नाही. पुढच्या भाऊबीजेला तिचा फोन आला तो मी तिथे असताना. तिने म्हणे माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव, सगळं एका दमात घडाघडा सांगितलं. काका म्हणाले, "बोल ताई," आणि त्यानंतर अर्धा तास दोघं हसत होते.

दारावरही हाच नियम. बेल वाजली की काका आधी सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावत, मग दार उघडत, आणि शेजारी तीस पावलांवर राहणारा असला तरी नाव सांगेपर्यंत उंबऱ्यात उभा. लेक शाळेतून आली की तीसुद्धा बेल वाजवून आपलं पूर्ण नाव ओरडायची, आणि काका कमरेत वाकून "या, या" म्हणत तिचं दप्तर घ्यायचे. त्यांना उशिरा झालेली ती एकुलती एक मुलगी. मला वाटायचं हा बापलेकीचा खेळ आहे. काकांच्या लेखी तो खेळ नव्हता.

आणि चहा. त्या घरात चहा काकाच करायचे. काकूंना स्वतःच्या स्वयंपाकघरात तेवढ्यापुरती बंदी होती. आलं खलबत्त्यात नाही, पोळपाटावर लाटण्याच्या टोकाने ठेचायचं. पाणी उकळलं की पत्ती घालून गॅस बंद, वर झाकण. दूध वेगळं तापवलेलं. कप गरम पाण्याने विसळून घ्यायचे. आणि मग ज्याचा त्याला. काकूंना अर्धा कप, वरच्या मजल्यावरच्या शर्माजींना दोन चमचे साखर जास्त. मुलगी आसपास घोटाळायला लागली की आपल्या कपातला चहा बशीत ओतून, फुंकर घालून, काका बशी टेबलावरून तिच्याकडे सरकवायचे. लहान मुलांना चहा देऊ नका म्हणून काकू रोज ओरडायच्या. "निवलाय," काका म्हणायचे, जणू काकूंची हरकत चहाच्या गरमपणाला होती.

मी डावखुरी. लहानपणापासून त्यासाठी बोलणी खाल्लेली. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा कप उचलायला गेले, तर कपाचा कान पलीकडच्या बाजूला, फिरवता फिरवता चहा बशीत सांडला. उजव्या हाताने घे गं, काकू सवयीने बोलून गेल्या.  पण पुढच्या खेपेपासून माझ्यासमोर कप यायचा तो कान डावीकडे करूनच. मी कधी मागितलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. खूप नंतर एकदा म्हणाले होते की बोर्डावर डावखुरा ऑपरेटर म्हणजे सोनं, एका हाताने जोडतो आणि दुसऱ्याने लिहितो, बाकीचे आपले हेडफोन सावरत बसतात. माझ्या डावेपणाचं कौतुक माझ्या आयुष्यात तेवढंच झालं.

निवृत्तीनंतर ते फरीदाबादला फ्लॅट घेऊन राहायला गेले. काही वर्षांनी काकू गेल्या. मी महिन्यातून एकदा मेट्रोने जायचे, चहा प्यायचे, यायचे. विसरणं सुरू झालं ते आधी नावांपासून. मग वार गेले, मग सकाळी कोण येऊन गेलं ते. एकदा ते शेजारच्या टॉवरमध्ये जाऊन कुणा भलत्याच्याच दाराची बेल वाजवत राहिले. एकदा कामवालीने दूध गॅसवर ठेवलं आणि "अंकलजी, देखना" म्हणून निघून गेली. भांडं जळून कोळसा झालं. मुलगी गुरुग्रामला, नोकरी मोठी, घरी मुलगा दहावीत. तिची झोप उडाली तर नवल नाही. इथपर्यंत मी तिच्याच बाजूने होते.

मग तिला कुणीतरी सांगितलं की अशा माणसांच्या मेंदूला रोज व्यायाम द्यावा. झालं. रोज संध्याकाळी ती गुरुग्रामहून फोन करायची आणि म्हणायची, बाबा, सांगा, मी कोण बोलतेय? काका म्हणायचे, "नाही ओळखत," आणि फोन ठेवायचे. ती रडायची. तिने डॉक्टरांना सांगितलं की आता वागणंही बदललंय, मध्येच फोन आपटतात, स्वभाव तुसडा झालाय. मला हे कळलं तेव्हा आधी मी हसले आणि मग माझं डोकं फिरलं. अगं, हा माणूस तू जन्मायच्या आधीपासून असाच फोन ठेवतोय! जे एक त्याच्यात धडधाकट उरलंय त्यालाच तुम्ही रोग म्हणताय? आणि फोनवर आधी नाव सांगायची शिस्त या मुलीला त्यांनीच लावली होती. ती विसरली. पण तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण ती चाळिशीची होती.

डॉक्टरांकडे एकदा मी त्या दोघांबरोबर गेले होते. तरुण डॉक्टर, वागायला चांगला. त्याने आजचा वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द सांगितले, खुर्ची, किल्ली, आंबा, आणि थोड्या वेळाने ते परत विचारले. काकांना एकही आला नाही. ते ओशाळून स्वतःच्या हातांकडे बघत बसले.  बाहेर आलो, तर काउंटरवरची मुलगी जागेवर नव्हती आणि फोन वाजत होता. काका तरातरा गेले, रिसीव्हर उचलला, नमस्कार म्हणाले, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाले, "नाम बताइए." पलीकडच्याने सांगितलं असावं. "होल्ड कीजिए," म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने कागदासाठी टेबल चाचपायला सुरुवात केली. आवाज कसा, तर खणखणीत. वाकलेली पाठ सरळ झालेली. काकांची मुलगी धावली, त्यांच्या हातून रिसीव्हर काढून घेतला आणि सॉरी सॉरी म्हणत त्यांना बाजूला केलं.

डॉक्टर दारात उभा राहून हे बघत होता. तो म्हणाला, "एक याददाश्त पूछने पर आती है, एक बिना पूछे. उम्र के साथ पहलेवाली जाती है. दूसरी हाथों में बैठी रहती है, बहुत देर तक." माझ्या मते त्याने त्या दिवशी सांगितलेली कामाची गोष्ट हीच. पण गाडीत बसल्यावर मुलीने नवऱ्याला फोन करून जे कळवलं त्यात ती नव्हती. तिने कळवलं, बाबांना तीनपैकी झीरो.

त्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. ऐंशी सरली, हजार पौर्णिमा पाहिल्या, तर मुलीने हौसेने घाट घातला. नाशिक-पुण्याहून नातलग आले, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथीगृहात उतरले, फरीदाबादला हॉल घेतला. हेतू चांगला होता, हे मी अजूनही म्हणते. काकांना शाल पांघरून, डोक्यावर पगडी ठेवून उंच खुर्चीत बसवलं. औक्षण झालं. मग पाया पडायला रांग लागली, आणि त्या रांगेने माझ्यासमोर जे केलं ते मी विसरणार नाही.

पहिला भाचा आला. काका, ओळखलं का? दुसरी पुतणी. मी कोण सांगा? तिसरा कुणी जावई, त्याने तर डोळे झाकले मागून. ऐंशी वर्षांच्या माणसाचे! काका प्रत्येकाकडे आशेने बघत होते. हा तरी सांगेल. कुणी सांगत नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना विसरले असतील, मला कसे विसरतील. आपल्यातला एकेकजण स्वतःला इतका अविस्मरणीय समजतो याची मला तोवर कल्पना नव्हती. रांग पुढे सरकत होती, काकांच्या कपाळावर घाम आला होता, आणि फोटोवाला हसा हसा म्हणत होता.

शेवटी काका उठून उभे राहिले. पगडी काढून खुर्चीवर ठेवली. सगळ्या हॉलवर नजर फिरवली आणि म्हणाले, "इथे एवढी माणसं आहेत. कुणालाच स्वतःचं नाव ठाऊक नाही का?"

हॉल हसला. अहो, खो खो हसला. पुण्याच्या एका पुतण्याने ते मोबाइलवर घेतलं होतं, जेवणाची पंगत उठायच्या आत ते सगळ्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरलं, खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. मी त्या पुतण्याला गाठून म्हटलं, आत्ताच्या आत्ता पुसून टाक. तो म्हणाला, "चिल, काकू. क्यूट आहे ते." मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. माझ्या नवऱ्याने मला दंडाला धरून बाहेर नेलं.

त्या दुपारनंतर मुलीने ठरवलं. काकांना गुरुग्रामला न्यायचं, चौदाव्या मजल्यावर, त्यांच्यासाठी दिवसभर एक अटेंडंट. फ्लॅट बंद. तोपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरातला गॅसचा पाइप भिंतीशी जिथे येतो तिथला व्हॉल्व्ह तिने फिरवून बंद करून टाकला आणि कामवालीला ताकीद दिली की चहा थर्मासमधून आणायचा. हे तिनेच मला फोनवर सांगितलं. रविवारी सामान हलणार होतं. मी शनिवारी दुपारी फरीदाबादवरून जाणारी बल्लभगडची मेट्रो पकडली. रस्ताभर भांडणाची तयारी करत होते.

काका आतल्या खोलीत झोपले होते. मुलगी स्वयंपाकघरात कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी सुरुवातच चढ्या आवाजात केली. चहा हा त्या माणसाचा शेवटचा हात आहे, तो कापू नकोस. त्यांना दूध बघायला सांगितलं ते विसरले, पण स्वतः ठेवलेला चहा आजवर एकदा तरी उतू गेलाय का? तिथे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, अटेंडंटच्या पहाऱ्यात, ते आठवड्यात खुर्ची होऊन बसतील.

तिने हातातला कप खाली ठेवला. "मावशी, प्लीज यार. तुम्ही महिन्यातून एकदा येता, चहा पिता, जाता. रात्री फोन वाजला की मी आधी गाडीची किल्ली शोधते. गॅसची रिस्क मी नाही घेऊ शकत, बिल्कुल नाही."

तिचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हटलं, निदान ते प्रश्न विचारणं तरी बंद कर. दारात नाव सांग. लहानपणी सांगायचीस तसं.

"मी का नाव सांगू?" तिचा आवाज फुटला. "मी मुलगी आहे त्यांची. दिवाळीपासून त्यांनी मला नावाने हाक नाही मारली. शर्मा अंकलना नमस्कार करतात तसा मला करतात. मला फक्त एकदा बघायचंय की मी आत कुठेतरी आहे. म्हणून विचारते. तुम्हाला वाटतं मला मजा येते?"

 इतके महिने मी तिला त्या रांगेतल्या पुतण्यांच्याच पंक्तीला बसवत होते. ती त्यांच्यातली नव्हती. ती दारात उभी होती आणि कुणी आत घेत नव्हतं.

तेवढ्यात काका उठून आले. मला पाहून थबकले. मी बाहेरच्या खोलीत येऊन नेहमीसारखं माझं नाव, ऑफिस, मजला, सगळं सांगितलं. त्यांनी सदऱ्याची बटणं लावली, नमस्कार केला, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. ओळखीचं काही त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं नाही, हे मी कबूल करते. बसा, चहा टाकतो, म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

गॅस पेटेना. काका बटण फिरवत होते, लायटर दाबत होते, परत फिरवत होते. चिडले नाहीत. फक्त हात थांबेनात. पातेल्यात मापाचं पाणी घेऊन ठेवलेलं, पोळपाटावर आल्याचा तुकडा, बाजूला लाटणं. मुलगी दारात उभी राहून बघत होती.  मग ती पुढे झाली, वाकली आणि तिने भिंतीजवळचा व्हॉल्व्ह फिरवला. निळी ज्योत आली. काकांनी तिच्याकडे बघून मान लववली, वाटेत कुणी मदत केली तर आपण करतो तशी.

पुढे जे झालं त्यात त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. आलं ठेचलं. पत्ती घालून गॅस बंद केला, झाकण ठेवलं. मुलीने नुकतेच गुंडाळलेले कप त्यांनी एकेक करून वर्तमानपत्रातून सोडवले, गरम पाण्याने विसळले. आम्ही दोघी टेबलाशी येऊन बसलो. त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला. कान डावीकडे.

मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. मुलीने ते पाहिलं. तिला ठाऊक होतं, ती त्या घरात वाढली होती.  मला कळलं की आता ती विचारणार, आणि मी टेबलाखाली तिचा हात धरला, पण तिने विचारलंच. "बाबा, आणि मी कोण?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, सभ्यपणे, मन लावून. "माफ करा," ते म्हणाले. "तुम्ही नाव सांगितलं नाहीत."

हे म्हणता म्हणता त्यांचा हात आपल्या कपाकडे गेला होता. बोलणं एकीकडे, हात एकीकडे. त्यांनी कप उचलला, त्यातला थोडा चहा बशीत ओतला, बशी दोन्ही हातांनी तोंडाशी नेऊन तिच्यावर फुंकर घातली आणि न सांडता टेबलावरून तिच्यासमोर सरकवली.

"निवलाय," काका म्हणाले. "पी."

पोरगी इतकी रडली की मला वाटलं आतलं काहीतरी सुटलं. काका घाबरून माझ्याकडे बघायला लागले. चहात काही चुकलं का, असं त्यांनी मला हळूच विचारलं. काही चुकलं नाही काका, मी म्हटलं, फार छान झालाय. तिने बशी उचलली आणि ओठ लावून सगळा चहा प्यायली. मला मात्र तेव्हाही संतापच येत होता. डॉक्टरांच्या तीन शब्दांचा, त्या रांगेचा, त्या व्हिडिओचा. खुर्ची, किल्ली, आंबा! हे विचारायला हवं होतं का त्यांना?

मुलगी उठली. ओढणीने नव्हे, बाहीने तोंड पुसलं आणि सरळ घराबाहेर गेली. दार तिने मागे ओढून घेतलं. मला वाटलं, मोकळी हवा घ्यायला गेली असेल. मग बेल वाजली.

काका उठले. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली, दार उघडलं. ती उंबऱ्याबाहेर उभी होती. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, शाळेतून आल्यावर सांगायची तसं, जरा मोठ्याने. मग म्हणाली, "मी तुमची मुलगी."

"या, या," काका कमरेत वाकून म्हणाले आणि दप्तर घ्यायला हात पुढे केला. तिने खांद्यावरची ओढणी काढून त्यांच्या हातात दिली.

"बसा. चहा टाकतो," म्हणून ते पुन्हा स्वयंपाकघरात गेले. मी तिच्याकडे पाहिलं. व्हॉल्व्ह उघडाच होता, आणि ती बसून राहिली.